सतरा नीरफणस

देठाला एक नीरफणस लागला तर साल हलकं. दोन लागले तर जरा जपून. आणि एकाच देठाला तीन-तीन लोंबायला लागले, तर नोव्हेंबर उजाडला की समुद्र आपल्या दारात येणार असं समजावं. हे आमच्या वुनिकुरा गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सांगायचा हक्क एकाच घराचा, नाईबुकाच्या. त्याच्या बापानं साल वाचलं, आज्यानं वाचलं. चर्चच्या मागच्या चढावर जे जुनं झाड आहे, ते बघायला, साल जड की हलकं हा शब्द सभेत निघेपर्यंत, त्या रक्ताबाहेरच्या माणसानं जायचं नाही. गेलं तर काय होतं हे कुणाला ठाऊक नाही, कारण आजवर कुणी गेलेलंच नाही.

आता नाईबुका पडला अडुसष्ट वर्षांचा, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. राजधानीत, सुवाच्या इस्पितळात नंबर लावून दोन वर्षं झाली, तो काही लागत नव्हता. मुलं सगळी सुवात, नातवंडं तिथेच. म्हणून तीन वर्षं झाली, झाड बघायला जायची ती त्याची धाकटी बहीण उलामिला. वय चौपन्न, नवरा वारलेला, गुडघे कुरकुरणारे, पण नजर अशी की किनाऱ्यावर उभं राहून येणाऱ्या होडीत कोण बसलंय आणि ते रुसलंय की हसतंय ते सांगेल. नाईबुका म्हणायचा, तिनं पाहिलं म्हणजे मीच पाहिलं.

म्हणायचा म्हणजे बायकोजवळ म्हणायचा. उलामिलाशी नाही. सख्खी भावंडं ती. उलामिला न्हातीधुती झाली त्या वर्षापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. भांडण बिंडण काही नाही हो, उलट माया इतकी की तिच्यावर शब्दाचा ओरखडासुद्धा नको. भावा-बहिणीचं असंच असतं आमच्याकडे. मग मधे लागते वहिनी. उलामिला चटईच्या एका टोकाला बसून म्हणायची, "वहिनी, त्याला सांग, उद्या वारा फिरणार आहे, जाळं आत घे." पाच हातांवर बसलेला नाईबुका ते स्वच्छ ऐकायचा आणि गप्प बसून राहायचा. मग आकानिसी, त्याची बायको, हातातला पालापाचोळा बाजूला ठेवून मान वळवायची आणि म्हणायची, "उद्या वारा फिरणार आहे, जाळं आत घ्या." तेव्हा कुठे तो म्हणायचा, "असं होय?" चाळीस वर्षं हे चाललं होतं. आकानिसी म्हणायची, मी मेले की हे दोघं मुके होतील.

तर ऑक्टोबरचा पहिला सोमवार. नुकतं फटफटलं होतं. उलामिला आकडी लावलेली लांब काठी घेऊन चढावर गेली, झाडाखाली उभी राहिली, मान वर केली आणि देठ मोजले. पाच देठांना तीन-तीन. एकाला दोन. बाकीच्यांना एकेक. आणि पलीकडच्या नेच्याच्या झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं, जमिनीपासून गुडघ्याइतकं वर. गांधीलमाशी खाली उतरली की वारा वर चढतो म्हणतात. यापेक्षा जड साल तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसरी कुणी असती तर धावत खाली आली असती. उलामिला मात्र तिथेच दगडावर बसली आणि इनोसीचा विचार करू लागली.

इनोसी तिचा एकुलता एक. चार वर्षांपूर्वी न्यूझीलंडला सफरचंदांच्या बागेत कामाला गेला, तो अजून परत आला नव्हता. यंदा येणार होता. नोव्हेंबरच्या वीस तारखेला, तीन आठवड्यांसाठी, आणि येताना होणारी बायको घेऊन. लग्न इथे, वुनिकुरात, आईच्या अंगणात. उलामिलानं दोन वर्षं केवड्याची पानं उकडून, वाळवून, चिरून चटया विणल्या होत्या. अकरा झाल्या होत्या, बाराव्या चटईची रंगीत लोकर लावायची राहिली होती. दोन डुकरं पोसली होती. आणि जड साल पडलं की गावाचा नियम ठरलेला: ईस्टरपर्यंत एक डुक्कर मारायचं नाही, कसाव्याच्या कंदांची एक टोपली सोहळ्यासाठी उपटायची नाही. जे आहे ते खड्ड्यात. कच्ची केळी, कसावा, नीरफणस, सगळं सोलून, पानांत गुंडाळून, दगड ठेवून जमिनीत पुरायचं, म्हणजे वादळानं शेतं झोपवली तरी तीन-चार महिने आंबलेल्या भाकरीवर गाव जगतं. लग्न करायचं तर ईस्टरनंतर. आणि ईस्टरनंतर इनोसीला रजा नव्हती. तो फोनवर म्हणाला होता, "आई, आत्ता जमलं तर जमलं. नाहीतर आम्ही इकडेच चर्चमध्ये उरकून घेऊ. तू फोटो बघ."

फोटो बघ म्हणे. उलामिलानं दगडावर बसून झाडाकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वीही तीन लागले होते की, आणि आलं काय? चार दिवस पाऊस आणि दीड दिवस वारा. झाडसुद्धा कधीमधी थापा मारतं. माणसाला करायचंच असतं तेव्हा अशी कारणं हात जोडून समोर उभी राहतात. ती उठली, काठी वर केली, आकडी देठात अडकवली आणि पिळली. धप्. नारळाएवढं फळ गवतात पडलं. मग दुसरं, मग तिसरं. सगळे मिळून सतरा. कुणी बघायला नव्हतंच. नाईबुकाचं घर चढाच्या पायथ्याशी, पण तो त्या वेळी किनाऱ्यावर अंग धुवायला गेलेला असतो. फळं तिनं पोत्यात भरली आणि आडवाटेनं नेऊन डुकरांना घातली. पोळ्याला मात्र हात लावायचा धीर तिला झाला नाही.

दुपारी ती भावाच्या घरी गेली. तो खांबाला टेकून बसला होता. "वहिनी, त्याला सांग, सगळ्या देठांना एकेकच आहे," ती म्हणाली. आकानिसीनं सांगितलं. नाईबुका नेहमीसारखा लगेच "असं होय" म्हणाला नाही. जरा वेळानं म्हणाला, "विचार तिला, पोळं कुठे आहे?" "वर आहे, फांदीत," उलामिला म्हणाली. आकानिसीनं तेही सांगितलं. तेव्हा कुठे तो म्हणाला, "असं होय." उलामिलाला वाटलं, चला, सुटले. समोरासमोर सांगावं लागतं तर जीभ रेटली नसती. वहिनीच्या तोंडून गेलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी सभेत नाईबुकानं शब्द दिला की साल हलकं आहे. गावाला काय, पर्वणीच. खड्डा तसाच राहिला, तळाशी गेल्या सालचा पाला कुजत होता. गावकारभारी रुपेनीनं चर्चच्या पत्र्यांना बांधायचे दोर पुढच्या बोटीनं आणू म्हणून सोडून दिले. कसाव्याची पोती भरभरून सुवातल्या नातेवाइकांना गेली. बायका येता-जाता उलामिलाला लग्नात कुठलं लुगडं नेसणार म्हणून छेडायच्या. ती हसायची. इनोसीला तिनं फोन केला, ये म्हणून. तो इतक्या मोठ्यानं हसला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्या हसण्यावर तिनं आठवडाभर काढला.

पण खाई त्याला खवखवे. कुणी आभाळाकडे बघितलं तरी तिचं काळीज चर्र व्हायचं. डुकरं दिसामाशी फुगत होती आणि त्यांच्याकडे तिला बघवत नव्हतं. बारावी चटई पुरी होईना. लोकर लावायला बसली की बोटं थांबायची.

अशात महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हवामान खात्याचं माणूस आलं. केलेरा नावाची मुलगी, पंचवीस-सव्वीसची, पाठीवर पिशवी, पिशवीत कागद. गावोगाव फिरून येऊ घातलेल्या मोसमाचं सांगायचं हे तिचं काम. संध्याकाळी सभा बसली. यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, त्याची मोठी लाकडी परात मधे, पहिला प्याला नाईबुकाचा, तो त्याच्या घराचा मान. केलेरानं रीतीप्रमाणे बसून, आवाज खाली ठेवून सांगितलं, की यंदा आपल्या या बाजूच्या समुद्रात वादळं नेहमीपेक्षा जास्त होतील असं दिसतंय, त्यातलं एखादं तरी मोठं असेल, तेव्हा नोव्हेंबरच्या आत छपरं बांधून घ्या, खड्डा भरा. कागदावर तिनं लाल रंगाचा पट्टाही दाखवला.

पट्टा बघून रुपेनीनं विचारलं, "बाई, तुमच्या या कागदाला देठ असतो का हो?" झालं. सगळी सभा फिस्सकन हसली. कुणी म्हणालं, गेल्या साली यांनी ऊन सांगितलं होतं आणि माझी मासळी कुजली. कुणी म्हणालं, बसू द्या हो बिचारीला, पोटासाठी करते. केलेराचे कान लाल झाले. ती म्हणाली, "मी जबरदस्ती करत नाही. तुमच्या झाडाचं काय म्हणणं आहे, तेही मला लिहून घ्यायचंय."

तेव्हा नाईबुकानं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. तो सावकाश म्हणाला, "पोरी, तुझा कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण झाड माझ्या बहिणीनं पाहिलंय. आणि माझ्या बहिणीनं मला जन्मात कधी खोटं सांगितलेलं नाही."

"काका, तिनं तुम्हाला जन्मात काहीच सांगितलेलं नाही!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी सभा खो खो हसली. रुपेनीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. बायकांच्या रांगेत उलामिलाला दोन्हीकडून कोपरं बसली, हस की गं. ती हसली. तोंड हसत होतं आणि आत मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नाईबुका तेवढा हसत नव्हता. त्याचे पांढरे डोळे बायकांच्या रांगेकडे वळलेले होते, तिच्याकडेच. त्याला दिसत नाही, दिसत नाही, असं तिनं मनात दहादा घोकलं. भुई दुभंगून पोटात घेईल तर किती बरं, असं तिला तेव्हा खरोखर वाटलं.

केलेरा उतरली उलामिलाकडेच. बाईमाणूस पाहुणी आली की तिच्याकडे उतरायची. जेवताना माशाच्या रशात कसावा बुडवत केलेरा म्हणाली, "मावशी, माझ्या आजीच्याही अंगणात नीरफणस होता. ती पण देठ मोजायची. खात्यात आम्हाला सांगतात, जुन्या माणसांना विचारा, त्यांचं चुकत नाही फारसं. मलाच आता वाटायला लागलंय की आमचं गणित कुठेतरी चुकलं असेल." तिनं वही काढली आणि वाचत वाचत लिहिलं: वुनिकुरा, जुनं झाड, देठाला एकेक फळ, पोळं उंच. "पाहणाऱ्याचं नाव? उलामिला ना?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिहूनही टाकलं. "उद्या सकाळच्या भरतीला निघते. पुढची तिन्ही गावं करायचीत. त्यांना पण सांगते, वुनिकुराच्या झाडाचा शब्द हलका आहे म्हणून. माझ्यापेक्षा तुमच्या झाडावर विश्वास आहे लोकांचा."

उलामिलानं हातातला घास परत ताटात ठेवला. आपल्या अंगणापुरतं केलेलं आता वहीत बसून तीन गावं फिरायला निघालं होतं. त्यातल्या एका गावात तिची मावसबहीण होती, नव्वदीची सासू आणि सहा पोरं घेऊन, थेट वाळूवर घर. ती पोरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सगळी, अगदी ते रांगणारंसुद्धा. लाज तिला आधीही वाटत होती, पण ती पकडलं जाण्याची लाज होती. आता वाटली ती वेगळीच. आपण कसली बाई आहोत, असा प्रश्न तिला पडला.

सकाळी उठली ती तडक भावाच्या घराकडे निघाली. लग्नासाठी बांधून ठेवलेली यांगोनाच्या मुळ्यांची जुडी तिनं काखेत घेतली. माफी मागायला रित्या हातानं जात नाहीत. आकानिसी मागच्या चुलीशी होती. उलामिलानं तिला तिथेच सगळं सांगितलं, तीन-तीनचं, काठीचं, डुकरांचं, पोळ्याचं. आणि म्हणाली, "वहिनी, त्याला सांग."

आकानिसीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. रागावून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून ती हळूच बोलली आणि ते जास्त लागलं. "नाही, उला. चाळीस वर्षं मी तुमचे निरोप वाहिले. पाऊस वाहिला, ताप वाहिला, तुझा नवरा गेला तेही मीच यांना सांगितलं. त्या दिवशी तू माझ्या तोंडात खोटं ठेवलंस आणि मी ते माझ्या नवऱ्याला भरवलं. आता माझं तोंड तुला मिळणार नाही. तुझं तू सांग."

"त्याच्याशी बोलू? मी?"

"मग पोरीची बोट जाऊ दे," आकानिसी म्हणाली आणि पाण्याला गेली.

नाईबुका पुढच्या पायरीवर बसून जाळं शिवत होता. डोळे नसले तरी बोटं गाठ बरोबर शोधत होती. उलामिला त्याच्या मागे, दाराच्या आत, गुडघ्यांवर बसली आणि मुळ्यांची जुडी हातानं पुढे सरकवली, त्याच्या मांडीजवळ येईपर्यंत. त्याची बोटं थांबली. त्यानं जुडी चाचपली, नाकाशी नेली, परत ठेवली. मान वळवली नाही. सबंध गावासमोर उघडं उभं राहायला सांगितलं असतं तर ते उलामिलाला याहून सोपं गेलं असतं. शेवटचं ती त्याच्याशी बोलली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तिनं त्याच्याकडे पेरू मागितला होता.

"दादा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याच्या हातातून सुई सुटून पायरीवर वाजली.

"दादा, एकेक नव्हते. पाच देठांना तीन-तीन होते आणि एकाला दोन. मी पाडले. डुकरांना घातले. पोळंही खालीच आहे. इनोसी यावा म्हणून केलं. मला लाज वाटते, दादा. मला तुझ्या पाठीकडेसुद्धा बघवत नाही."

समुद्राकडून बोटीचं इंजिन चालू करून बघितल्याचा आवाज आला. नाईबुका वाकून पायरीवरची सुई चाचपू लागला. तिला वाटलं, हा आता आकानिसीची वाट बघत बसणार. मग तो बोलला. तिच्याशी.

"सतरा."

तिला वाटलं, त्यानं बेरीज केली. ती हो म्हणाली.

"बेरीज नाही केली मी. मोजले होते. त्या दिवशी पाय सुजला होता, म्हणून धुवायला गेलो नाही. इथंच होतो, या पायरीवर. झाडाचं फळ आपसूक पडतं तेव्हा एक पडतं, आणि मग कितीतरी वेळ काही पडत नाही. हे एकामागून एक सतरा पडले. कान आहेत मला."

उलामिला म्हणाली, "मग सभेत हलकं का म्हणालास?"

"भाचा आहे ना तो माझा." त्यानं मांडीवरचं जाळं मुठीत आवळलं. "भाच्यानं मामाकडे काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. त्यानं तर मागितलंही नव्हतं. मलाच पाहिजे होता तो. डोळे जायच्या आधी बघायचा राहिला, म्हटलं आवाज तरी अंगणात ऐकू. आणि मला काही करावंही लागणार नव्हतं. खोटं तू बोलली होतीस, मी फक्त ऐकलं होतं. गाव बुडालं असतं तरी लोक म्हणाले असते, आंधळा म्हातारा, बहिणीनं फसवला. असा विचार केला मी. माझ्या बापाच्या जागेवर बसून."

ती रडायला लागली होती. ओझं उतरेल म्हणून आली होती बिचारी, आणि भावाचंही ओझं तिच्याच डोक्यावर आलं.

"रोज वाटायचं, आज ती येईल आणि सांगेल," नाईबुका म्हणाला. "परवाही वाटलं. काल सगळ्यांसमोर म्हणालो ना, बहिणीनं कधी खोटं सांगितलं नाही? तुला टोचावं म्हणून म्हणालो. लोक हसले आणि त्यात मी त्या पोरीचं म्हणणंही हसण्यावारी जाऊ दिलं. खरं तेवढं तीच सांगत होती. तू निदान आलीस. मी आलो नसतो, उला. मी खड्डा रिकामा ठेवून बसून राहिलो असतो."

त्यानं तिचं नाव घेतलं, हे तिला नंतर घरी गेल्यावर आठवलं.

"इनोसीला काय सांगशील?" त्यानं विचारलं.

"तिकडेच कर म्हणेन. फोटो पाठव म्हणेन." हे बोलताना तिचा आवाज फाटला, पण ती बोलली.

त्यानं मान हलवली. मग पायरीला हात लावून उभा राहिला. "चल. बोट सुटेल."

आता जायचं कसं? आकानिसी पाण्याला गेलेली. बहिणीनं भावाचा हात धरायचा नाही, मेलं तरी नाही. उलामिलानं इकडेतिकडे पाहिलं. कुडाला तीच आकडीची काठी टेकवलेली होती, त्या दिवशी दुपारी खोटं सांगायला आली तेव्हा ती तिथे ठेवून गेली होती. तिनं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं, आणि दोघं उताराला लागली.

वुनिकुरातल्या लोकांनी बरंच काही पाहिलंय, पण हे पाहिलं नव्हतं. अंगण झाडणारी बाई झाडू तसाच धरून उभी राहिली. रुपेनी दात घासत होता, तो तोंडात फेस घेऊनच मागोमाग निघाला. धक्क्यावर पोचेपर्यंत निम्मं गाव मागे होतं. केलेरा गुडघाभर पाण्यात उभी राहून पिशवी बोटीत टाकत होती.

"थांब, पोरी," नाईबुका म्हणाला. "वही काढ. तू लिहिलंस ते खोड."

केलेरानं वही काढली. तिनं आधी नाईबुकाकडे पाहिलं, मग उलामिलाकडे, आणि पेन हातात घेऊन तिलाच विचारलं, "देठाला किती, मावशी?"

सगळे ऐकत होते. मागे तिची डुकरं वाखाणणाऱ्या बायका होत्या, लुगड्यावरून छेडणाऱ्या पोरी होत्या. उलामिलाची मान खाली होती. ती वर काढायचा तिनं प्रयत्न केला, जमलं नाही. खाली बघूनच पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तीन."

"पोळं?"

"गुडघ्याइतकं."

रुपेनीनं तोंडातला फेस थुंकला आणि बाही ओढून तोंड पुसलं. "म्हणजे काका, साल—"

"जड," नाईबुका म्हणाला. "आजच खड्डा उघड. दोर मागव. आणि आज सभेत पहिला प्याला मला देऊ नकोस. मी घेणार नाही."

मागून एका बाईनं उलामिलाकडे बघून जमिनीवर थुंकल्यासारखं केलं, आणि दुसरीनं तिला दंडाला धरून गप्प केलं. उलामिलानं दोन्ही पाहिलं. तिची नजर चांगली होती.

केलेरानं जुनी ओळ खोडली, नवी लिहिली, आणि नावाच्या रकान्याशी थबकली. काल तिनं तिथे उलामिलाचं नाव लिहिलं होतं. ते ठेवायचं की खोडायचं, तिला कळेना. बिचारी अवघडून म्हणाली, "मग पाहणाऱ्याचं नाव काय घालू?"

उलामिला तोंड उघडणार तोच काठी हलली. नाईबुकानं आपलं टोक घट्ट धरलं होतं.

"तिचंच राहू दे," तो म्हणाला. "पाहिलं तिनं. आणि खाली माझं नाव लिही. लिही, यानं ऐकलं होतं."

केलेरानं तसं लिहिलं आणि बोटीत चढली. बोट निघाली. लोक पांगले, कारण केळी कापायची होती, कसावा उपटायचा होता आणि नोव्हेंबरला दहा दिवस राहिले होते. उलामिलानं काठीचं टोक उचललं आणि भावाला घेऊन खड्ड्याच्या वाटेला लागली.